आरसीवरचं नाव

माझ्या दुकानात मी स्वतः लिहिलेली पाटी आहे: 'गाडीच्या सर्व चाव्या सोबत आणाव्यात. दुसरी चावी बायकोकडे आहे, ही सबब चालणार नाही.' बिबवेवाडीतले लोक ती वाचून हसतात आणि तरी एकच चावी घेऊन येतात. मग माझं डोकं सरकतं. ते तसं लवकरच सरकतं. आई म्हणते, प्रज्ञेशनं कुलपांशीच बोलावं, माणसांशी बोलणं त्याला जमत नाही.

पाटीमागचं कारण साधं आहे. हल्लीच्या, बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीला नवी चावी शिकवायची तर टॅब जोडून आधीच्या सगळ्या ओळखी पुसाव्या लागतात. मग समोर हजर असतील तेवढ्याच चाव्या गाडी पुन्हा ओळखते. जी हजर नसेल ती मेली. तिच्या पोटातलं लोखंडी पातं काढून दार उघडता येतं, पण इंजिन जागचं हलत नाही.

गेल्या महिन्यात अभय नावाचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं तुपातलं. एक चावी हातात होती, दुसरी विसर्जनाच्या गर्दीत पडली म्हणाला. हरवल्याची ऑनलाइन तक्रारही दाखवली. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, बायकोच्या नावावर होती, त्याच्या आधारवर पत्ता तोच होता. मी तिला एक फोन लावला का? नाही लावला. नवरा समोर उभा आहे, कागद आहेत, बास झालं. हेच बायको नवऱ्याची गाडी घेऊन आली असती तर मी म्हटलं असतं, साहेबांना फोन लावून द्या. म्हटलेलं आहे मी, एकदा नाही, पन्नासदा.

मी नवी चावी शिकवली, हरवलेली पुसली. जाताना त्यानं विचारलं की ती हरवलेली चावी ज्याच्या हातात असेल त्याला ती मेल्याचं गाडीत बसल्यावर कळतं की आधीच? मी शहाण्यासारखं समजावून सांगितलं. पात्यानं दार उघडलं की गाडी बोंबलते आणि बटण दाबलं की कळतं. तो हसला. हरवलेल्या चावीबद्दल असलं कुणी विचारत नाही. मला ते त्याच क्षणी खटकलं होतं. खटकलं, आणि मी पुढची गाडी आत घेतली.

आठवडा गेला. सकाळी अकराच्या सुमाराला एक बाई रिक्षातून उतरली. डावा गाल काळानिळा, उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. तिनं काउंटरवर चावी ठेवली आणि सेल बदलायला सांगितलं. मी सेल बदलला. लाल दिवा लागला. चावीला काहीच झालं नव्हतं. मग मी आरसी मागितली आणि नाव वाचलं. तेच नाव मी आठवड्यापूर्वी अभयच्या कागदांवर वाचलं होतं.

काय झालं ते तिनं उभ्यानंच सांगितलं, रडली नाही. अभय आंघोळीला गेला तेव्हा ती सहा वर्षांच्या स्पृहाला घेऊन पार्किंगमध्ये उतरली होती, कायमची जायला. रिमोटनं दार उघडेना, म्हणून तिनं पात्यानं उघडलं. गाडी बोंबलायला लागली. ती बटण दाबत राहिली, अकरा वेळा. तो केस पुसत, सावकाश खाली आला. घाई करायचं त्याला कारणच नव्हतं. केसांना धरून त्यानं तिला बाहेर ओढलं, तिचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार लावलं. मग उघडून पुन्हा लावलं. दोन बोटांचा चुरा झाला. स्पृहा मागच्या सीटवर होती. दवाखान्यातून ती एकटीच नारायण पेठेतल्या मावशीकडे गेली. पोरगी अजून त्याच्याकडे होती.

मी सांगून टाकलं की ही चावी मी मारली आहे. तो आला होता, मी पुसून दिली.

तिनं डाव्या हातानं माझ्या कानाखाली वाजवली. डोळ्यांसमोर काजवे चमकले. समोरचा चहावाला हातातली किटली तशीच धरून बघत राहिला. मग तिनं आरसी माझ्यापुढे सरकवली.

"नाव वाचा."

"वाचलं."

"मोठ्यानं वाचा."

"ऋतुजा."

"मग ऋतुजाला विचारलं का कुणी?"

मी मान खाली घातली. आयुष्यात फार कमी वेळा घातली आहे.

तिचं ठरलेलं होतं. साडेबाराला स्पृहाची शाळेची व्हॅन सोसायटीच्या फाटकाशी येते. वॉचमन मच्छिंद्र तिला उतरवून वर सोडतो. आज ती स्वतः उतरवून घेणार होती. पण रिक्षानं पळाली असती तर अभय तिच्याच गाडीनं पाठीमागे आला असता. म्हणून गाडी तिला स्वतःसाठी चालू हवी होती आणि त्याच्यासाठी बंद. तिथून थेट पोलीस चौकी. आधी पोरगी, मग तक्रार.

मी टॅब उचलला. तोंडातून निघून गेलं की येऊ दे खाली त्याला, मी बघतो.

"हात उचलायचा नाही," ती म्हणाली. "मारणारा एक मला पुरे आहे. मला गाडी चालू करून द्या."

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी ती सोसायटीच्या फाटकाशी व्हॅनची वाट बघत होती आणि मी आत पार्किंगमध्ये पात्यानं गाडीचं दार उघडलं. गाडीनं सगळं पार्किंग डोक्यावर घेतलं. मी आत बसलो, दारं लॉक केली, स्टिअरिंगखाली वायर जोडली. सगळ्या चाव्या पुसून सुरुवात करायची तर गाडी दहा मिनिटं घेते. तेवढा वेळ वायर निघाली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. टॅबवर दहाचा आकडा आला आणि उतरायला लागला.

सात मिनिटं उरली असताना अभय जिन्यातून आला. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. खिशातून चावी काढून त्यानं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग त्याच्या चेहऱ्यावरचं तूप उतरलं. कुंडीखालचा पेव्हर ब्लॉक उचलून त्यानं माझ्या बाजूच्या काचेवर घातला. दुसऱ्या घावाला काच माझ्या मांडीवर सांडली. तिसरा घाव जबड्यावर बसला आणि एक दात जिभेवर आला.

खरं सांगतो, शर्टाच्या खिशात माझा स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याची मान हातभर अंतरावर होती. दार उघडून बाहेर पडलो असतो तर त्या माणसाला मी जिवंत सोडला नसता. पण बाहेर पडायचं तर वायर सोडायला हवी होती. मी वायरीवर वाकलो आणि पाठ दिली. तो पाठीत, मानेवर, कानावर ब्लॉक घालत राहिला. घालताना मला आणि तिला ज्या शिव्या देत होता त्या लिहिण्यासारख्या नाहीत. चार मिनिटं. तीन.

मग त्याला वायर दिसली. खिडकीतून अर्धा आत येऊन त्यानं ती पकडायला हात घातला. माझे दोन्ही हात टॅबवर होते. मी त्याच्या बोटांना चावलो. कुत्रा चावतो तसा, मागच्या दातांनी. तो ओरडला, दुसऱ्या हातानं माझ्या डोळ्यात अंगठा खुपसला. मी सोडलं नाही. तोंडात त्याचं रक्त होतं आणि माझंही, आणि मला बरं वाटत होतं. याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

टॅब वाजला. दातांत बोटं तशीच ठेवून मी तिची चावी बटणाला टेकवली. एक चावी नोंदली गेली. गाडीचं बोंबलणं थांबलं.

त्या शांततेत मच्छिंद्रनं मागून अभयला कमरेला धरून ओढलं, मी तोंड उघडलं आणि तो बाहेर कोसळला. ऋतुजा पोरीला कडेवर घेऊन आली. तिनं स्पृहाला मागे बसवलं, डोळे मिटायला सांगितलं. मी डाव्या सीटवर घसरलो. ती काचांवरच बसली आणि बटण दाबलं. एकदाच दाबावं लागलं.

अभय मच्छिंद्रला झटकून गाडीपुढे आला. एक हात बॉनेटवर, दुसऱ्या रक्ताळलेल्या हातात ती मेलेली चावी. तो बटण दाबतच होता. ऋतुजानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ब्रेकवरचा पाय उचलला. तो बाजूला उडी मारून सुटला, एक पाऊल मात्र राहिलं. चाक त्यावरून गेलं तेव्हा गाडी किंचित उचलली गेली. ती थांबली नाही. डाव्या हातानं स्टिअरिंग फिरवत तिनं गाडी फाटकाबाहेर काढली.

चौकीत मी ओठाला रुमाल लावून जबाब दिला. हवालदार नीट विचारत होता, नीट लिहीत होता. ब्लॉक कुणी उचलला, किती वेळा मारला, चावलं कोण, पायावरून गाडी गेली तेव्हा तो नेमका कुठे उभा होता. ऋतुजाच्या प्रत्येक गोष्टीला 'का' होतं. ती का पळाली? परत का गेली? गाडी का थांबवली नाही? ऋतुजा शेजारच्या बाकावर होती, पोरगी तिच्या मांडीवर झोपून गेली होती.

शेवटी त्यानं मागचं पान उलटलं आणि मला विचारलं की आरसी बाईंच्या नावावर होती, मग पहिल्यांदा बाईंची चावी पुसली कशी?

"नवरा आला होता," मी म्हटलं.

हवालदारानं मान डोलावली, तेवढं लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.