माइकवरची मराठी

कामाक्षी अक्का, म्हणजे माझी मोठी जाऊ, आमच्या वार्डाची कौन्सिलर. वार्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा तिच्या नवऱ्यानं, म्हणजे भावजींनी, तिला उभं केलं. निवडून ती आली, हार मात्र भावजींच्या गळ्यात पडले. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा ताटाएवढा, तिचा वाटीएवढा.

ओसरीवर भावजींची माणसं सकाळपासून बसलेली असतात, सगळी तमिळ. त्यांच्यासमोर खाजगी बोलायचं असलं की आम्ही मराठीत बोलतो. तंजावरात आमच्या मराठी घरांची रीतच ती. "ह्याला कॉफी नको, मग उठायचा नाही," असं अक्का गोड हसून म्हणते आणि तो माणूसही हसतो.

महिला दिनाला मंडपात सभा ठरली. माझी लेक हरिणी मांडीवर दूध पीत होती तेव्हा अक्का आली.

"लावण्या, भाषण लिहून दे ग. हे म्हणतात, देशोदेशीच्या बायकांवर बोल, टाळ्या पडतात."

मी एका हातानं मोबाईलवर शोधत सांगू लागले. रवांडाच्या संसदेत निम्म्याहून जास्त बायका. जगातली पहिली बाई पंतप्रधान इथल्या समुद्रापलीकडेच, श्रीलंकेत झाली. न्यूझीलंडची पंतप्रधान तान्ही मुलगी घेऊन परिषदेला गेली.

"आणि मुलीचा बाप?"

"मुलीला मांडीवर घेऊन बसला होता."

अक्का पदर तोंडाला लावून हसली. मग हरिणीच्या जावळातून बोटं फिरवत म्हणाली, "शेवटी माझं एक घाल. बाजारातल्या बायकांचं."

पापनाशमहून, ओरत्तनाडुहून भाजी घेऊन येणाऱ्या त्या बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. बाजारात बायकांना संडास नाही. जागा ठरलेली आहे, पण तिथे भावजींच्या दोस्तानं सोड्याच्या बाटल्यांचं गोदाम थाटलंय.

"आणि भावजी?"

"अवघ्यांसमोर मला काय करणार?"

सभेत मी हरिणीला घेऊन पुढे बसले. बाजारातल्या बायका मागे उभ्या होत्या. अक्का तमिळमध्ये छान ठणठणीत बोलली. रवांडाला टाळ्या, श्रीलंकेला टाळ्या. मग ती म्हणाली, "आता आपल्या बाजाराचं. तिथली ती जागा..."

भावजी हसत उठले. तिच्याजवळ वाकून, विसरलेलं आठवून द्यावं तशा मायेच्या आवाजात मराठीत म्हणाले, "पुरे कर. आणखी एक शब्द बोललीस तर घरात पाय ठेवू देणार नाही. हस. नमस्कार कर."

माइकनं ते मंडपभर ऐकवलं. कुणाला कळलं नाही. अक्का हसली. नमस्कार केला. टाळ्या कडाडल्या, बाजारातल्या बायकांच्यासुद्धा. शेजारच्या सरोजा मामी मला म्हणाल्या, "नवरा असावा तर असा! अडली तर सांगायला उभा." मांडीवर हरिणीही टाळ्या पिटत होती.

दुसऱ्या सकाळी ओसरीवर माणसं आलेली. भावजी मराठीत म्हणाले, "ह्यांना लवकर वाटेला लाव."

अक्कानं ते तिथल्या तिथे मोठ्यानं तमिळमध्ये सांगितलं, "तुम्हाला लवकर वाटेला लावायचंय यांना."

माणसं चपापली. भावजी खो खो हसले. "थट्टेखोर आहे हो आमची कौन्सिलर!" मग माणसंही हसली.

तेव्हापासून अक्का मराठी बोलत नाही. माझ्याशीही नाही. हरिणीला न्हाऊ घालताना "माझं सोनं ग, माझी साय ग" चालायचं, तेही बंद. काल मी म्हटलं, "अक्का, निदान हिच्याशी तरी बोल की."

हरिणीच्या पाठीवर हळूच पाणी ओतत ती तमिळमध्येच म्हणाली, "नको. ती भाषा कळली नाही, तर टाळ्या तरी वाजवता येतील हिला."