धुतलेल्या गाड्या ओळखणारं यंत्र

या, असे जवळ सरकून बसा. गोष्ट एवढीशीच आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एका कचेरीत एक बाई होत्या. विमानातून टिपलेली चित्रं वाचायची, हे त्यांचं काम. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत रंगवलेल्या पत्र्याची खूण निराळी उमटते, मातीची निराळी; काय तापलंय, काय गार आहे, तेही त्यात दिसतं. त्या खुणेवरून खालच्या गाड्या हुडकणारं यंत्र साहेबांनी मोठ्या हौसेनं बसवून घेतलं होतं.

एका पहाटे डोंगराचा कडा रस्त्यावर कोसळला. दुधाचा टँकर नेणारा ड्रायव्हर बेपत्ता झाला. दुपारी विमान घिरट्या घालून परतलं आणि यंत्रानं निकाल दिला: वाहन एकही नाही.

"शोध थांबवायला सांगा," साहेब म्हणाले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "साहेब, यंत्राला गाड्या ओळखायला शिकवलं, त्या दिवशी सगळ्या गाड्या धुवून कुणी घेतल्या?"

"पाहुणे येणार होते. मळक्या गाड्या दाखवायच्या का त्यांना?"

"मग त्याला धुतलेलीच गाडी कळणार. चिखलानं माखलेला टँकर त्याच्या लेखी मातीच."

"यंत्रापेक्षा तुम्ही शहाण्या का?"

"नाही हो. पण मळकी गाडी मला ओळखू येते. तुमची रोज बघते ना."

साहेब तडकले आणि जेवायला निघून गेले. मूळ चित्रं उघडायला त्यांची सही लागे. बाहेर बाकावर ड्रायव्हरची बहीण बसली होती. "ताई, दादा सापडला का हो?" एवढंच ती विचारी. बाईंना तोंड वर करून बघवेना.

तीन तासांनी सही मिळाली. बाईंनी यंत्र बाजूला सारलं आणि चित्रं स्वतःच्या डोळ्यांनी चाळली. उन्हानं तापलेल्या चिखलात एक लांबट पट्टा तेवढा गार होता. खाली गार दुधानं भरलेला टँकर. कुणाला न विचारता त्यांनी फोन उचलला आणि खोदणाऱ्यांच्या मुकादमाला जागा सांगितली.

ड्रायव्हर जिवंत निघाला. डॉक्टर म्हणाले, तीन तास आधी आणला असता तर पाय वाचला असता.

साहेबांनी अहवालात लिहिलं, 'यंत्राच्या साहाय्याने वाहन सापडले.' बाईंनी ते वाक्य खोडलं, खाली खरं काय ते लिहिलं आणि सही ठोकली. त्याबद्दल त्यांची बदली झाली. होऊ दे.

मायबाप, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या ड्रायव्हरची आठवण ठेवा. तो अजून कुबडीवर चालायला शिकतो आहे.