माझ्या तळाचे पंधरा लिटर पाणी

मित्रांनो, मी एक जुना निळा ड्रम आहे. पिण्याच्या पाण्याचा, शंभर लिटरचा. बावीस वर्षे मी मासेमारीच्या बोटीवर काढली, हे जरा छाती फुगवूनच सांगतो. माझी छाती मुळातच फुगीर आहे, हा भाग वेगळा.

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यात झाला. दुकानात पोहोचलो आणि पहिल्याच आठवड्यात मला तांडेलाच्या, म्हणजे बोटीच्या प्रमुखाच्या बायकोने निवडले. माझ्यात डोके घालून तिने वास घेतला आणि दुकानदाराला म्हणाली, "ह्याला कसलाच वास नाही. हाच द्या." दर फेरीआधी ती मला उन्हात पालथा घालायची आणि मगच भरायची. तांडेल मला केबिनच्या सावलीत दोराने आवळून बांधायचा. आठ-आठ दिवस माझे पाणी पहिल्या दिवसासारखेच गोड लागायचे.

मग बोटीवर तांडेलाचा मेहुणा आला. इंजिन तो झकास सांभाळायचा, पण पाण्याच्या बाबतीत त्याचे ज्ञान अगाध होते. भर समुद्रात घशाला कोरड पाडून घ्यायची हौस असेल, तर त्याची रीत शिकून घ्या. पाणी पांढऱ्याशुभ्र नव्या कॅनमध्ये भरावे, कारण ते दिसायला छान. झाकणातल्या रबरी चकत्या काढून फेकाव्यात, कारण त्यांच्यामुळे उघडताना जोर लागतो. कॅन उघड्यावर ठेवावेत, म्हणजे त्यांना वारा लागतो, आणि अधूनमधून लाटही. शिवाय ड्रममधले पाणी आधी संपवावे, कॅनमधले राखून ठेवावे.

"भावोजी, हा ड्रम आता भंगारात द्या," एकदा निघताना तो म्हणाला. "ताईचा आपला उगाच हट्ट."

"ड्रम धक्क्यावर राहिला, तर तूही राहशील त्याच्या सोबतीला," ताई म्हणाली. तो गुपचूप बोटीत चढला.

त्याच फेरीत, पाचव्या दिवशी सकाळी इंजिन बंद पडले. मेहुण्याने ते दुपारपर्यंत खोलून पाहिले आणि मान हलवली. आतला एक भाग तुटला होता. वायरलेसवरून निरोप आला, वारा पडल्याशिवाय मदतीची बोट निघणार नाही. चार दिवस धरून चला. आचाऱ्याने पहिला कॅन उघडला, घोट घेतला आणि थुंकून टाकला. "खारट!" सहाही कॅन तसेच. सैल झाकणांतून समुद्र आत शिरला होता. बोटीवर माणसे पाच, आणि माझ्या तळाशी जेमतेम पंधरा लिटर पाणी.

तांडेलाने आचाऱ्याच्या हाती पेला दिला. "माणशी दिवसाला तीन. मलाही तीनच."

मेहुणा लाजेने माझ्याजवळ फिरकेना. "तुम्ही प्या. माझ्यामुळेच झालंय," म्हणाला आणि आडोशाला जाऊन खारट पाणी पीत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला उलट्या सुरू झाल्या. ओठ फुटले, उभे राहता येईना. आचाऱ्याने त्याचे डोके मांडीवर घेतले. तांडेलाने आपला पेला त्याच्या तोंडाला लावला.

"भावोजी, हा तुमचा वाटा आहे."

"आधी पी, मग भांड. तुझ्या ताईला मी काय तोंड दाखवू?"

मग आचाऱ्याने आपला अर्धा पेला पुढे केला. दोन्ही खलाशांनीही केला. बोट नुसती हेलकावे खात होती, पण चार दिवसांत मी एक थेंब सांडू दिला नाही. त्या चार दिवसांइतका अभिमान मला आयुष्यात कधी वाटला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी मदतीची बोट आली, तेव्हा आचारी कमरेपर्यंत माझ्यात वाकून शेवटचे पेले भरत होता. पाचही जण आपल्या पायांनी धक्क्यावर उतरले. ताईने भावाला आधी चांगले फैलावर घेतले आणि मग पोटाशी धरून रडली.

पुढच्या फेरीपासून मला घासायचे काम मेहुण्याने मागून घेतले. "काय, बाळाची आंघोळ झाली का?" असे खलाशी विचारायचे. तो हसायचा आणि आणखी जोरात घासायचा.

पुढे माझ्या बुडाला चीर गेली. आता मी धक्क्यावर असतो आणि माझ्यात जुने दोर कोंबलेले असतात. येणारेजाणारे माझ्यावर चपलाही झटकतात. वाईट वाटते, नाही कशाला म्हणू? पण माझ्या पाण्यावर जगलेली पाच माणसे समोरून जातात, तेव्हा मी चीर विसरतो.

मित्रांनो, एकच मागणे आहे. आज घरातल्या पाण्याच्या भांड्यात हात घालून बघा. आतून बुळबुळीत लागले, तर भांड्याला नावे ठेवू नका. बाह्या सरसावा.