एका हातात

कोंडाजीने मातीची आणखी एक गोणी भगदाडात लोटली. पाण्याने तीही ओढून नेली. दिंडोरीच्या बाजूचा हा कालवा सकाळीच फुटला होता आणि पाणी नाल्यात चाललं होतं. वरचं मुख्य दार बंद केल्याशिवाय काही होणार नव्हतं. पण त्याची चावी कालव्यावरच्या पहिल्या गावाच्या भिमाजीकडे होती. त्याने फोनवर सांगितलं, की आमच्या गावाची पाण्याची पाळी चालू आहे, गावाला विचारावं लागेल.

कोंडाजी कालव्यावरच्या पाच गावांच्या पाणी महासंघाचा अध्यक्ष होता, पण हुकूम करायचा अधिकार त्याला नव्हता. विनंती करत तो गावोगाव फिरला. दुपार गेली, नाला वाहतच राहिला.

संध्याकाळी मंदिराच्या सभामंडपात बैठक भरली. पाचही गावांची कालव्यावरची दारं एका समितीच्या हाती द्यावीत आणि बहुमताने निर्णय व्हावा, असं कोंडाजीने मांडलं. बोलताना त्याचा आवाज बसला होता.

पहिला विरोध भागुबाईचा आला. ती कालव्याच्या शेवटच्या, सगळ्यात तहानलेल्या गावाची.

"आमचं गाव लहान. बहुमतात आमचं कोण ऐकंल? आत्ता आमच्या दाराची चावी तरी आमची हाय."

"चावी हाय, ताई. पाणी हाय का?" कोंडाजी म्हणाला.

द्राक्षबागांची छाटणी होऊन गेली होती आणि तिच्या गावाला अजून थेंब मिळाला नव्हता. शेवटी तिने हात वर केला. ठराव झाला.

लगेच समितीच्या प्रमुखाचं नाव निघालं. तीन गावांनी भिमाजीचं घेतलं.

भिमाजीने वेळ घालवला नाही. मुख्य दार आत्ता बंद, उद्या सकाळी प्रत्येक गावातून दहा माणसं भगदाडावर. त्याचा माणूस दार बंद करायला गेलासुद्धा.

"हे सकाळीच केलं असतं तर?" कोंडाजीने विचारलं.

"सकाळी माझ्या हातात आमचं गावच होतं."

त्यात खोटं काही नव्हतं. कोंडाजीने डोळे चोळले.

"दुरुस्ती झाल्यावर पहिलं पाणी कुणाला?" भागुबाईने विचारलं.

"ते समिती ठरवंल," भिमाजी म्हणाला.

तिने भिमाजीकडे पाहिलं नाही, ज्याच्या शब्दावर हात वर केला होता त्या कोंडाजीकडे पाहिलं. तो अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठला आणि सतरंजीवर, शेवटच्या गावाच्या माणसांत जाऊन बसला. त्यांनी सरकून त्याला जागा दिली.