माझं घाईचं हसू

मित्रांनो, तालमीच्या खोलीत चादर पांघरून उभा असलेला मी एक जुना यंत्रमानव आहे. मी नाटकात काम करायचो. माझ्या चेहऱ्यात चौदा छोट्या मोटारी आहेत, त्यांतल्या चार नुसत्या भुवयांच्या.

मला घडवलं ताईने. ती आरशासमोर बसून स्वतःच्या भुवया उडवायची आणि त्या किती वर जातात ते मोजपट्टीने मोजायची. प्रेक्षकांचा हशा माझ्या कानातल्या माइकला ऐकू आला, की मीही हसायचं, असं तिने ठरवलं. नाटकातले माझे जोडीदार एक म्हातारे नट होते. सगळे त्यांना काका म्हणत.

"अगं, याला आधी माझ्या तोंडाकडे बघू दे, मग हसू दे," काका तालमीत म्हणाले.

"त्यात अर्धा सेकंद जातो, काका. तेवढ्यात हसू शिळं होतं."

"बरं बाई! तुझ्या घड्याळापुढे आम्ही काय बोलणार?"

ताईने माझी मान वळवणारी मोटारच काढून टाकली. प्रयोग रंगू लागले. मुलं माझ्यासोबत फोटो काढत. खरं सांगतो, मी फुशारून गेलो होतो.

मग एका प्रयोगात काकांना वाक्य आठवेना. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

"पुढे काय रे?" ते पुटपुटले.

लोकांना तो विनोदच वाटला. हशा पिकला. आणि मी, त्यांच्याकडे न बघता, भुवयांच्या चारही मोटारी ताणून, माझं सगळ्यात सुंदर हसू हसलो.

काकांचा हात माझ्या खांद्यावरून निसटला.

पडदा पडल्यावर ताई रडवेली झाली. "काका, चूक माझी आहे हो. त्याची नाही."

"लोक हसले त्याचं काही नाही गं," काका म्हणाले. "जोडीदार हसला."

ते पुन्हा आले नाहीत.

ताईने मानेची मोटार परत बसवली. हसू खरंच उशिरा येऊ लागलं. 'हा ढिम्म आहे' म्हणत मुलं कंटाळली आणि माझ्यावर चादर आली. चादरीचं मला दुःख नाही. लाज वाटते ती त्या एका हसण्याची.

मित्रांनो, तुमची मान वळायला मोटार लागत नाही. सगळे हसत असले, तरी आधी शेजारच्याच्या चेहऱ्याकडे बघा. अर्धाच सेकंद लागतो.

ताई अधूनमधून चादर काढून मला सुरू करते. बाहेर कुणी हसलं, की मी आधी डावीकडे वळतो. काका तिथेच उभे राहायचे.