तळच्या खणातली वही

मी हजेरीवही बोलतेय. टेबलावर मिरवणारी, रोज शंभर सह्या घेणारी वही वेगळी. ती माझी थोरली बहीण, आणि तिचा तोरा काही विचारू नका. मी राहते तळच्या खणात, आवडाबाईंच्या डब्याखाली. माझ्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलंय, 'निलंबित कर्मचारी'. त्यामुळे लोक मला दोन बोटांनी उचलतात.

औरंगपुऱ्यातल्या एका बाइंडरानं मला शिवलं. पाठीला लाल कापड, कागद चांगला जाड. आपण एखाद्या शाळेत जाऊ, पोरांची नावं अंगावर मिरवू, असं मनात होतं. आले ती छत्रपती संभाजीनगरातल्या एका सरकारी कचेरीत. पुठ्ठ्यावरचं नाव वाचलं आणि मला अगदी रडू आलं.

या कचेरीची रीत अशी की, निलंबित माणसानं काम करायचं नाही, शहर सोडायचं नाही, आणि रोज सकाळी येऊन माझ्यात सही करायची. कुणी काळा चष्मा लावून यायचा, कुणी सही उरकून जिन्यानं पळायचा. एकजण तर एवढ्या ऐटीत सही ठोकायचा, जणू बढतीच मिळालीय! मी सगळं बघून घ्यायची. सही करताना माणूस खोटं बोलू शकत नाही, त्याचा हात मला कळतो.

गेल्या वर्षी तीन जानेवारीला कय्युम आला. इथून तासाभराच्या वाटेवरच्या पाचोडच्या जनावरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक. दवाखान्याचा फ्रीज बंद पडला आणि आतल्या लसी खराब झाल्या. फ्रीज दुरुस्त करा म्हणून त्यानं तीन पत्रं लिहिली होती. ती पत्रं कुठल्या फायलीत झोपली कोण जाणे, निलंबन मात्र त्याचं झालं. तो बहिणीकडे शहरातल्या किराडपुऱ्यात राहायला आला आणि रोज दहाच्या सुमाराला माझ्यासमोर उभा राहू लागला.

पहिल्याच दिवशी त्यानं सही केली आणि शेजारी वेळ लिहिली. दहा वाजून पाच मिनिटं.

"वेळ कशाला लिव्हता?" आवडाबाईंनी विचारलं. त्या आमच्या कचेरीतल्या शिपाई, आणि माझ्या मालकीणच म्हणा.

"सवय हाय मावशी. जनावराला सुई टोचली की वेळ लिहावी लागती. हात ऐकत नाय."

मला गंमत वाटली. ऐटबाज सह्या पुष्कळ पाहिल्या होत्या, इतकी नेकीची सही पहिल्यांदाच पाहिली.

दिवस जात राहिले. माझ्यातच सही करणाऱ्या एकानं कय्युमला सांगितलं, "नव्वद दिवसांत आरोपपत्र हाती दिलं नाय, तर निलंबन उठवावं लागतं. सुप्रीम कोर्टाचा निकाल हाय, सरकारचा जीआर हाय." तेव्हापासून तो सही करताना हळूच मागची पानं मोजायचा. मीही मोजायची.

नव्वद दिवस उलटले. तो आस्थापनेच्या लिपिकाकडे, नानासाहेबांकडे गेला. नानासाहेबांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुमचं आरोपपत्र कधीच गेलंय. तुम्हीच घ्यायला नकार दिला. तसा शेरा आहे फायलीत."

दुसऱ्या दिवशी कय्युमची सही ओळीबाहेर गेली.

मग एप्रिल गेला, मे गेला. तिकडे पाचोडात बोभाटा झाला की डॉक्टरनं लसी विकल्या; गाव कय्युमला डॉक्टरच म्हणायचं. त्याचे वडील कमरोद्दीन चाळीस वर्षं जनावरांच्या बाजारात मानानं वावरलेले. ते बाजाराकडे फिरकेनासे झाले. निलंबनात पगार अर्धा मिळतो याचं कय्युमला नव्हतं, एवढं दुःख या गोष्टीचं होतं. ते त्यानं आवडाबाईंना सांगितलं आणि मी खणातून ऐकलं.

एकदा तो सही करतानाच फोन वाजला. पलीकडे फकिरा नावाचा शेतकरी. त्याची म्हैस अडली होती.

"डाक्टर, तुमीच या हो! दुसऱ्याला हात लावू देईना ती."

"मला येता येत नाय रे फकिरा. सरकारनं शहर सोडू नको म्हणलंय." मग त्यानं तिथंच, भिंतीकडे तोंड करून, काय काय करायचं ते सांगितलं. अर्ध्या तासानं फोन ठेवला. रेडकू वाचलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडलं, तो डाग अजून आहे. मला इतका राग आला की, पुठ्ठा आपटावासा वाटला, पण पुठ्ठा आहे, हात नाहीत.

जुलैअखेर नवी वही आली. माझ्यात तीनच पानं कोरी उरली होती, तरी नानासाहेबांनी मला रद्दीच्या पोत्यात टाकायला सांगितलं. संपलं म्हटलं आपलं.

सात ऑगस्टला निलंबनाचा आढावा घेणारी समिती बसायची होती. त्याआधी अर्ज करून कय्युमनं त्या शेऱ्याची नक्कल मिळवली आणि बैठकीच्या दिवशी सकाळी व्हरांड्यात उभं राहून आवडाबाईंना वाचून दाखवली. 'दिनांक चौदा मार्च, सकाळी साडेदहा वाजता कर्मचारी पाचोड येथील राहत्या घरी समक्ष भेटला, आरोपपत्र स्वीकारण्यास नकार दिला.'

"चौदा मार्चला तुमी पाचोडला कसे असाल?" आवडाबाई म्हणाल्या. "तुमी तर रोज हितं! ह्यांनीच सांगितलंय ना, गाव सोडू नका म्हणून?"

शहर सोडू नको म्हणणारी कचेरी त्याला शोधायला गावी गेली होती, आणि जवळजवळ पाच महिने हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! पुढं कळलं, वडील त्या दिवशी बाहेर गेलेले, घराला कुलूप, पुन्हा खेप नको, म्हणून कागद नेणाऱ्यानं 'भेटला, नकार दिला' असं ठोकून दिलं होतं.

आवडाबाईंनी पोतं उपडं केलं. मला पदरानं पुसलं आणि तडक समितीच्या खोलीत शिरल्या.

"बाई, इथं बैठक चालू आहे," नानासाहेब ओरडले.

"व्हय, म्हणूनच आले." त्यांनी मला मोठ्या साहेबांपुढे उघडलं. चौदा मार्च. कय्युमची सही. शेजारी, दहा वाजून बारा मिनिटं.

साहेबांनी वेळेवर बोट ठेवलं. "अठरा मिनिटांत पाचोडला कोण पोचतं हो?"

नानासाहेब फायलीची पानं उलटू लागले.

"म्हणजे आरोपपत्र दिलंच नाही. नव्वद दिवस होऊन किती झाले?" साहेबांनी विचारलं.

"एकशे सव्वीस," कय्युम दारातून म्हणाला. कुणी मोजायच्या आत.

निलंबन उठलं. लसींची चौकशी पुढं चालेल, ती चालू दे, त्याची तीन पत्रं त्याच्या बाजूनं बोलतील. पण माणूस कामावर गेला. पाचोडला नाही, अलीकडे आडूळला. मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी तो सवयीनं दहाला आला. आवडाबाईंनी पेन लपवलं. "आता हितं सही नाय करायची, डाक्टर. जा, जनावरं वाट बघत्यात."

तो माझ्यावर हात ठेवून गेला.

त्या पानांची आता चौकशीत गरज पडू शकते, म्हणून मी पुन्हा खणात आहे, डब्याखाली. परवा आवडाबाईंचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला, हसल्या, आणि खण उघडून माझ्याजवळ धरला. पलीकडे एक रेडकू जोरजोरात ओरडत होतं, आणि कय्युम सांगत होता, "मावशी, आत्ताच झालं. दहा वाजून वीस मिनिटांनी."

साहेबलोकहो, माझी तीन पानं कोरी आहेत. ती कोरीच राहू द्या.