वेसाव्याच्या विहिरीचं पाणी

यशोदाबाईंना समुद्र रोज दिसायचा, पण दुसऱ्यांच्या गच्चीवरून. लग्न होऊन गिरगावात खोताच्या वाडीमागच्या दोन खोल्यांत आल्या तेव्हापासून लुगडी वाळत घालायच्या निमित्ताने वर जायचं, चौपाटीकडची निळी पट्टी डोळे भरून बघायची आणि खाली येऊन चुलीशी बसायचं. नवरा म्हणायचा, "थांब जरा. वेसाव्याला आपल्या ज्ञातीची वसाहत होतेय, आणि पहिला सभासद मी आहे. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी विहीर!" नवरा गेला. सभासदत्व मात्र बाईंच्या नावे चढलं. इतक्या वर्षांनी खरोखरच घरं उभी राहिली, तेव्हा पहिली निवड त्यांची होती.

मुलगा श्यामकांत आणि सून लीला यांना घेऊन त्या घर बघायला गेल्या. टोकाचं घर, समोर वाळूच वाळू. बाईंनी भिंतीवर बोटाची पेरं आपटून पाहिली, चौकटीला नाक लावून लाकूड हुंगलं, स्वयंपाकघरात जाऊन चूल कुठे नि पाट कुठे येईल ते बसून बघितलं. विहिरीचं बांधकाम मात्र चालू होतं, पाणी नुसतं चिखल.

"घर चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "पण पाणी बघितल्याशिवाय होकार नाही."

ही त्यांच्या सासूची शिकवण. घराची परीक्षा रंगावर करायची नाही, तुरीच्या डाळीवर करायची. तिथलं पाणी आणायचं, त्यात डाळ शिजत टाकायची. लोण्यासारखी झाली तर घर आपलं. दाणा बोटात टणक लागला तर फुकट मिळालं तरी उंबरा ओलांडायचा नाही. बाईंनी आजवर ज्ञातीतल्या कितीतरी घरांचे निकाल असे लावले होते, आणि शाळा पाहिली नाही म्हणून त्यांचं कुठे अडलं नव्हतं.

होकार नव्हता, पण संसार मात्र मांडून झाला होता. भुलेश्वरहून झोपाळ्याच्या पितळी कड्या आल्या. रोज जेवताना खोल्यांची वाटणी चाले.

"समुद्राकडची खोली माझी. लीला, तुझं शिवणाचं यंत्र मागच्या पडवीत. समोर नको, येणाऱ्याजाणाऱ्याला खडखड."

"बरं," लीला म्हणायची.

"आणि तुझ्या त्या निळ्या पडद्यांचं काय खूळ आहे ते इथेच सोडून यायचं. खाऱ्या हवेत आठ दिवसांत पोतेरी होतील."

लीला ताटात बघायची, श्यामकांत लीलाकडे. बाई भात कालवत पुढच्या खोलीकडे वळायच्या.

विहीर बांधून झाल्याचा निरोप आला आणि नेमकी मुंबई पेटली. 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्या, दगड, गोळीबार, संचारबंदी. गिरगावात माणूस दाराबाहेर डोकं काढीना. श्यामकांत आणि लीला तेव्हा लीलाच्या माहेरी, अंधेरीला, तिथेच अडकले. बाई खिडकीच्या फटीतून बघत बसल्या आणि शेजारच्या मृणालिनीला भिंतीआडून म्हणाल्या, "मुंबई कुणाची ते ठरवतायत होय? ठरवा बाबांनो. मला वेसावं पुरे."

वाट मोकळी झाल्यावर श्यामकांत आला तो हातात कळशी घेऊनच. कळशीच्या तोंडाला फडकं बांधलेलं.

"तुला जाता येणार नव्हतं ना, आई. मीच जाऊन भरून आणलं."

बाईंचा ऊर भरून आला. मृणालिनीला हाक मारून कळशी दाखवली. "बघ गं, रस्त्यात गोळ्या सुटल्यात आणि माझा लेक आईसाठी पाणी आणतोय."

डाळ शिजत टाकली. उकळी आली, फेस काढला, शेगडीत दोनदा कोळसे घातले. डाळ आपली तळाशी खड्यासारखी. बाईंनी चिमटीत दाणा दाबला, तो निसटून भिंतीला लागला. जिभेवर थेंब ठेवला. मचूळ, खारट. बाई पाटावर बसल्या त्या कितीतरी वेळ उठल्या नाहीत.

"आई, एवढं काय? विहीर नवी आहे, सुधारेल," श्यामकांत म्हणाला.

"विहिरी सुधारत नाहीत रे. तुझ्या वडिलांचं नशीब खारट, दुसरं काय."

ज्ञातीच्या सभेत त्यांनी उभं राहून घर नाकारलं. आणि नाकारायचं म्हणून नुसतं नाकारतील त्या यशोदाबाई कसल्या! "त्या विहिरीचं पाणी मी वैऱ्याच्या म्हशीला पाजणार नाही," असं पंचांच्या तोंडावर म्हणाल्या. घर यादीतल्या पुढच्या सभासदाकडे गेलं, आणि ते निघाले लीलाचे वडील, मनमोहनराव. त्यांनी डाळ नाही शिजवली. दुसऱ्याच दिवशी होकार कळवला.

"व्याह्यांना चव कमीच," बाई मृणालिनीला म्हणाल्या. त्या रात्री मात्र झोपाळ्याच्या कड्या फडक्यात गुंडाळून त्यांनी माळ्यावर टाकल्या.

वैशाखात वेसाव्याला वास्तुशांत झाली. बाई गेल्या, आणि रिकाम्या हाताने नाही गेल्या. गिरगावच्या नळाचं पाणी कळशीत भरून, वर नारळ ठेवून, मांडवात नेऊन ठेवलं.

"विहीणबाई, आहेर आणलाय. एवढी माणसं बोलावलीत, निदान वरण तरी शिजू दे."

पंगतीची माणसं हसली. विहीणबाईंचा चेहरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात आचारी कोंडीराम डाव घेऊन उभा होता, तो न राहवून म्हणाला, "शिजू दे काय, आजी? वरण केव्हाच झालं. एका उकळीत फुटली डाळ. असलं पाणी दादरलासुद्धा नाही."

बाईंनी त्याच्या हातातला डाव घेतला. पातेल्यात घातला, उचलला. वरण सायीसारखं ओघळलं. त्या मागच्या दारी गेल्या, पोहरा सोडला, ओंजळभर पाणी प्यायल्या. शहाळ्यासारखं गोड.

परत येताना समुद्राकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत श्यामकांतचा पलंग. त्याच्या चपलांचे जोड. खिडकीपाशी शिवणाचं यंत्र, आणि निळे पडदे, चांगले घट्ट बसवलेले, वाऱ्याने फुगलेले.

श्यामकांत मागे येऊन उभा राहिला होता.

"कुठलं पाणी होतं रे ते?"

तो दाराची कडी हलवायला लागला.

"तोंड शिवलंय? मी विचारतेय."

"खाडीचं," तो म्हणाला. "थोडंसं. बाकी विहिरीचंच होतं."

"नुसतं खाडीचं का नाही आणलंस?"

"तू ओळखलं असतंस."

बाईंनी भिंतीला हात टेकला. एवढी कला त्याला कुणी शिकवली? आपणच तर. लहानपणी शेगडीशी मांडीवर बसवून, चिमटीत दाणे देऊन.

"आई, तू इथे आली असतीस तर हे तुझं घर झालं असतं. गिरगावात तुझंच आहे सगळं. लीलाला पडदासुद्धा..." त्याचा आवाज खाली गेला. "एक घर आमचं हवं होतं. लीलाच्या बाबांनी हे आम्हाला देऊ केलंय. तू येत जा ना, आठवडाभर राहा, महिनाभर राहा."

"तोंडाने मागितलं असतंस तर?"

"तू दिलं असतंस?"

याचं उत्तर बाईंना येत होतं.

तेवढ्यात मांडवातून विहीणबाईंचा आवाज चढला. पंच पाटावर बसले होते, हीच वेळ साधून त्या बोलत होत्या, "भर सभेत आमच्या विहिरीला नावं ठेवली, आज मंगल कार्यात पाणी आणून अपमान केला. आता पंचांनीच वरण चाखावं आणि विचारावं यशोदाबाईंना, त्या दिवशी कसल्या पाण्यात डाळ शिजवलीत?"

पंचांतले म्हातारे माधवराव म्हणाले, "बोला, यशोदाबाई. पाणी कुणी आणलं होतं?"

श्यामकांत दारात येऊन थबकला. पांढराफटक. लीलाच्या हातातलं तूप वाढायचं भांडं तिरकं झालं.

यशोदाबाईंनी पदर खोचला. एक शब्द टाकला असता तर पोरगा ज्ञातीत तोंड दाखवायच्या लायकीचा उरला नसता. तो शब्द अगदी दातांपर्यंत आला.

"पाणी चांगलंच होतं," त्या म्हणाल्या. "डाळ माझी जुनी होती. दोन पावसाळे डब्यात पडलेली. जुनी डाळ अमृतातसुद्धा शिजत नाही. मला कळायला हवं होतं. विहिरीला ठेवलेली नावं मी परत घेते."

पंगतीत कुजबुज झाली. यशोदाबाईंच्या घरात जुनी डाळ! कुणीतरी बाई पदराआड फसकन हसली. ज्यांच्या घरांचे निकाल त्यांनी लावले होते, ती सगळी घरं तिथे बसली होती. बाईंची मान ताठ होती, पण कानांच्या पाळ्या जळत होत्या.

त्यांनी श्यामकांतकडे बघितलं. निदान आता हा पुढे येईल, म्हणेल, नाही, आई खोटं बोलतेय, माझ्यासाठी बोलतेय. श्यामकांतने मोठा श्वास सोडला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला, खांदे सैल झाले. मग त्याने लीलाच्या हातातलं भांडं घेतलं आणि वाकून पहिल्या पानावर तूप वाढायला लागला.

यशोदाबाई पंगतीला बसल्या नाहीत. निघताना तो वाळूपर्यंत धावत आला. "आई, थांब, गाडीपर्यंत सोडतो. रागावलीस?"

"राग आपल्या माणसांवर येतो," त्या म्हणाल्या. "गिरगावातलं तुझं सामान रविवारपर्यंत ने. मी घरात नसेन तेव्हा ये. किल्ली मृणालिनीकडे ठेवते."

"आई, असं काय करतेस?"

समोर समुद्र होता, केवढा तरी, कुणाच्या गच्चीवरून न बघता. यशोदाबाईंनी त्याच्याकडे पाठ केली आणि वाळूतून चपला ओढत रस्त्याच्या दिशेने चालू लागल्या.